पाय मोडल्याची भरपाई : टक्के कशावरून धरायचे? (बेळगाव-खानापूर-चंदगड भागातल्यांनी जरूर लिहा)

खानापूरकर

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण वाचा. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागात हे कुणाच्या ना कुणाच्या घरी घडतंच.

माझे दाजी गवंडी. घर नंदगडच्या बाजूला, काम बेळगावात. मागच्या हंगामात संध्याकाळी कामावरून परतताना दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर समोर आडवा वळला. मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. दाजींच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड घातलाय. हाड जुळलं म्हणतात डॉक्टर, एक्स-रेतही तसंच दिसतं. पण घोटा पूर्ण वाकत नाही, उकिडवं बसता येत नाही, परांचीवर चढायचा तर विषयच संपला. वय ३८. बिगारी हाताखाली घेऊन स्वतः ठेका घेणारा माणूस आज दुसऱ्याच्या साइटवर खुर्ची टाकून सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब लिहितोय.

विमा कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. अडीच लाख देतो, सही करा, कोर्टाची कटकट कशाला म्हणाला. गावातली मोठी माणसंही घेऊन टाका म्हणालीत. सर्टिफिकेटवर उजव्या पायाचं अपंगत्व ३३ टक्के लिहिलंय. वकील म्हणतात, कोर्ट त्याचा तिसरा हिस्सा धरेल, म्हणजे ११ टक्के.

इथंच माझं डोकं अडलंय. गवंड्याचा पाय असा झाला तर त्याची कमाई ११ टक्क्यांनीच कमी होते काय? ताईच्या घरात आज चूल कशी पेटतेय ते मी बघतोय. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

जुना शिरस्तेदार

कोर्टात नोकरी करून निवृत्त झालोय, मोटार अपघाताच्या फायली आयुष्यभर हाताळल्यात. वकील नाही, तेव्हा तुमच्या वकिलांना विचारूनच पाऊल टाका. पण एक गोष्ट आधी सांगतो. दाजींना कुठंही सही करू देऊ नका.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६४ बदललं आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि जबर दुखापतीला अडीच लाख मिळतात. हाड मोडणं ही कायद्यानं जबर दुखापतच आहे, पूर्वीच्या दंड संहितेत होती आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. म्हणजे तो माणूस जे अडीच लाख पदरचे दिल्यासारखे दाखवतोय, ते कायद्यानं ठरवून दिलेलेच आहेत. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून मागायचा मोठा दावा तिथंच संपतो. कलम १६६ च्या परंतुकातच तसं लिहिलंय. ज्याचं हाड सरळ जुळलं आणि जो पुन्हा पूर्वीसारखा कामाला लागला, त्यानं अडीच लाख घेऊन मोकळं व्हावं, त्यात शहाणपण आहे. तुमच्या दाजींचं तसं नाही.

आता ११ टक्क्यांचं. पायाचं अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचं अपंगत्व नव्हे, म्हणून पायाच्या टक्क्यांचा तिसरा भाग शरीराला धरायचा, अशी आपल्या कर्नाटकात जुनी वहिवाट आहे. तुमचे वकील चूक बोलले नाहीत. पण तो झाला शरीराचा हिशोब. कमाई किती बुडाली हा प्रश्न वेगळा. सुप्रीम कोर्टानं २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे फार नीट उलगडून सांगितलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच बुडू शकतो, पण सरकारी कारकून त्याच नोकरीत राहू शकतो, असं उदाहरणच त्यात दिलंय. न्यायाधिकरणानं, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टानं, आधी पाहायचं की जखमी माणूस आता काय करू शकतो आणि काय नाही, मग त्याचं वय, धंदा, अपघाताआधीचं काम बघायचं, आणि त्यावरून कमाईचा तोटा ठरवायचा.

आकड्यात सांगतो. दाजींचं उत्पन्न महिना १५,००० धरू. वर्षाचे १,८०,०००. वय ३८ ला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे ज्यानं गुणायचं तो आकडा) १५, हा २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातला. झाले २७ लाख. त्याचे ११ टक्के म्हणजे २,९७,०००. आता तोच तोटा कामाच्या दृष्टीनं २५ टक्के धरला गेला तर ६,७५,०००. शिवाय स्वतःचा धंदा करणाऱ्या ४० च्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के भर घालता येते. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालात मृत्यूच्या दाव्यांसाठी आलं, आणि २०२० च्या पप्पू देव यादव निकालानं कायमच्या अपंगत्वालाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. ती भर घातली की २५ टक्क्यांचा आकडा ९,४५,००० वर जातो. ही भर दरवेळी मिळतेच असं नाही, पण अर्जात मागितलीच नाही तर मिळायचा प्रश्नच नाही.

हा फक्त कमाईचा भाग झाला. वेदना, औषधपाणी, घरी पडून असताना बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, गाडीभाडं, सकस आहार, पुढचं ऑपरेशन, आणि जगण्यातला जो आनंद गेला त्याचे, असे वेगवेगळे रकाने असतात.

खानापूरकर

साहेब, मनापासून आभार. अडीच लाखांचं हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ताईला आत्ताच फोन केला.

पण २५ टक्के कोर्टाला पटवायचे कसे? सर्टिफिकेटवर तर पाय ३३ टक्के एवढंच आहे.

फिजिओ_अनगोळ

याचं उत्तर मी देते, कारण असे पेशंट माझ्याकडं रोज येतात.

सर्टिफिकेटवरचा आकडा मोजमापातून येतो. पेशंटला उताणा झोपवून कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपनं दोन्ही पाय मोजतात, म्हणजे पाय किती आखूड झाला ते कळतं. गुडघा आणि घोटा किती अंश वाकतो ते कोनमापकानं बघतात. पोटरीचा घेर दोन्ही बाजूंनी मोजतात, कारण न वापरलेल्या पायाचा स्नायू आटतो. स्नायूंची ताकद बघतात. या सगळ्याची बेरीज म्हणजे तुमचे ३३ टक्के.

त्या कागदावर "पेशंट शिडी चढू शकत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा नसतंच. ते लिहून घ्यायचं. उकिडवं बसता येतं का, वजन उचलून उंचसखल जागेत चालता येतं का, सलग किती वेळ उभं राहता येतं. गवंडीकामाला लागणाऱ्या या हालचाली डॉक्टरांनी तपासून लिहिल्या की टक्क्यांना अर्थ येतो. आणि ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडूनच घ्या. एकदाच तपासलेल्या भलत्याच डॉक्टरांचं सर्टिफिकेट असलं की विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत त्यालाच धरतात.

घाईही करू नका. नडगीचं हाड जुळायला आणि सांधा मोकळा व्हायला वेळ लागतो. सुधारणा थांबली की मग जे उरतं ते कायमचं. लवकर काढलेलं सर्टिफिकेट "तेव्हा प्लास्टर नुकतं निघालं होतं" म्हणून बाजूला पडतं. एक्स-रेच्या फिल्म सांभाळून ठेवा: पहिल्या दिवसाची, ऑपरेशननंतरची आणि आत्ताची. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

आणि दाजींचा व्यायाम बंद पडू देऊ नका. केस चालू आहे म्हणून पाय तसाच राहू दे, असं सांगणारी माणसं भेटतात. कृपा करून त्यांचं ऐकू नका. त्यांना या पायावर अजून तीस वर्षं चालायचंय.

जुना शिरस्तेदार

ताईंचं प्रत्येक वाक्य खरं आहे. त्यात कामाच्या पुराव्याची भर घालतो.

आपल्याकडं गवंड्याला पगाराची चिठ्ठी नसते. मग कोर्ट वर्षावार ठरलेलं अंदाजी उत्पन्न धरतं. लोकअदालतीसाठी राज्य विधी सेवा प्राधिकरणानं केलेला तक्ता आहे, अपघात ज्या वर्षी झाला त्या वर्षीचा आकडा बघतात. त्याहून जास्त कमाई होती म्हणायचं तर दाखवायला लागेल. बँकेतल्या नोंदी, फोन-पेवर आलेले ठेक्याचे पैसे, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असेल तर ते. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ज्यांचं घर बांधलं तो मालक. त्यानं कोर्टात येऊन "हा माणूस माझ्याकडं स्वतः भिंत उचलत होता, स्लॅबला वर होता, अपघातानंतर त्याला ते जमलं नाही म्हणून मी दुसरा गवंडी लावला" एवढं शपथेवर सांगितलं तरी ३३ चे ११ करताना न्यायाधीशांना थांबून विचार करावा लागतो. मी फायलींत हे कितीदा बघितलंय. एकाच तऱ्हेचं हाड मोडलेले दोघे, एकाला भरपूर, एकाला किरकोळ. फरक बहुतेक वेळा साक्षीत असतो.

सुळगेकर

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचाच असणार. केस लावून गावागावांत वैर कशाला? तोही कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला शेतकरीच. आमच्याकडं बसून मिटवतात.

खानापूरकर

दादा, तो शेतकरी आहे हे मला माहीत आहे आणि त्याच्याबद्दल मनात काही नाही. दवाखान्यात बघायलाही आला होता. पण म्हणूनच तर विमा सक्तीचा केलाय की ओ. पॉलिसी चालू असेल तर पैसे कंपनी भरते, त्याच्या शेतातून जात नाहीत. आणि बसून मिटवताना जी रक्कम ठरते ती दवाखान्याच्या बिलालाही पुरत नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पंचांसमोर मान खाली घालून बसलेली माझी बहीण मला बघवली नाही. तिचं कुणाशी वैर नाही, तिला घर चालवायचंय.

जुना शिरस्तेदार

खानापूरकरांशी सहमत. फक्त पॉलिसीचं नीट बघा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे नंबर वेगळे असतात आणि विमाही वेगळा असू शकतो. पंचनाम्यात दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर आलेत का? नसतील तर कंपनी तिथंच पाय रोवते. ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून विमा उतरवलेला आणि भाड्यानं ऊस वाहत होता, ड्रायव्हरचं लायसन्स योग्य प्रकारचं नव्हतं, ही त्यांची नेहमीची हत्यारं. लायसन्सच्या बाबतीत २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं असा निकाल दिलाय, त्यामुळं तो वाद बराच बोथट झालाय.

आणि समजा अटींचा भंग झालाच, तरी बाहेरच्या जखमी माणसाला कंपनीनं आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश होऊ शकतो. आपल्या हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा यावर २०२० चा निकाल आहे. तो वकिलांना माहीत असतोच.

मुदतीचं विसरू नका. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना सहा महिन्यांत अर्ज करायची अट पुन्हा आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. सर्टिफिकेट मागाहून जोडता येतं, अर्ज आधी दाखल करा.

खानापूरकर

अर्जाची तयारी झाली आहे, मुदतीत आहोत.

एक जबाबाचं विचारायचं होतं. दाजी दवाखान्यात असताना जबाब घेतला तो कन्नडात लिहिलेला. दाजींना बोलता येतं थोडंफार, वाचता अजिबात येत नाही. सही केली. आता वकिलांनी वाचून दाखवलं तर त्यात लिहिलंय, "मी वेगात होतो आणि समोरून ट्रॅक्टर वळला." दाजी शपथेवर सांगतात, वेगात होतो असं ते म्हणालेच नाहीत.

जुना शिरस्तेदार

हे फार होतं आपल्या भागात, आणि वाईट वाटतं. फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवायची आणि तिची प्रत फुकट द्यायची, हे कायद्यातच आहे. तुम्हाला वाचता येत नसेल तर "मराठीत समजावून सांगा, मग सही करतो" म्हणायचा पूर्ण हक्क आहे. दवाखान्यात शुद्धीवर असलेल्या माणसाजवळ कन्नड वाचता येणारं एक घरचं माणूस ठेवा, एवढं प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

दाजींच्या बाबतीत सगळं बिघडलेलं नाही. तपासाअंती पोलिसांनी आरोपपत्र ट्रॅक्टर ड्रायव्हरवर ठेवलंय ना? घटनास्थळाचा नकाशा, आरटीओ इन्स्पेक्टरचा वाहन तपासणी अहवाल, ट्रॉलीला दिवा नसल्याची नोंद, हे सगळं त्या एका वाक्यापेक्षा जड आहे. दाजींनी साक्षीत स्पष्ट सांगावं की जबाब कन्नडात होता, वाचून दाखवला नाही. तरीही कंपनी थोडी चूक यांच्या माथी मारायचा प्रयत्न करणार. २० टक्के चूक धरली गेली तर एकूण रकमेतून २० टक्के कापले जातात.

चंदगडी

इकडं चंदगड तालुक्यात राहतो, नोकरी बेळगावात. शिनोळीजवळ कारनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. दावा कुठं लावायचा यात मी गोंधळलो होतो. अपघात महाराष्ट्रात, गाडी कर्नाटक पासिंगची, दवाखाना बेळगावचा. कायदा असा की अपघात जिथं झाला तिथं, आपण जिथं राहतो किंवा काम करतो तिथं, किंवा समोरचा जिथं राहतो तिथं, कुठंही लावता येतो. मी कोल्हापूर जिल्ह्यातच लावला. बेळगावकरांचा अपघात महाराष्ट्रात झाला तरी बेळगावातच दावा चालतो, तिकडं हेलपाटे घालायची गरज नाही.

ज्यांचा मेडिक्लेम आहे त्यांनी एक बघा. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं ठरवलंय की मेडिक्लेमचे मिळालेले पैसे अपघाताच्या भरपाईतून कापायचे नाहीत. कर्नाटक हायकोर्टानं मात्र कापावेत असे निकाल दिलेत. हद्दीवर राहणाऱ्यानं अर्ज कुठं करायचा हे ठरवताना वकिलांना हे जरूर विचारावं.

शहापूरची_लेक

माझ्या आईला पहाटे फुलं आणायला जाताना गाडीनं धक्का दिला आणि पळून गेली. खुब्याखालचं हाड मोडलं. नंबर कुणी बघितला नाही. आई घरकामच करते, त्यामुळं "तिची कमाई कुठं होती" असं लोक म्हणतात. आम्हाला काहीच नाही का?

जुना शिरस्तेदार

ताई, आहे. पळून गेलेल्या गाडीसाठी केंद्राची योजना आहे, १ एप्रिल २०२२ पासून जबर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडं करायचा, एफआयआर आणि दवाखान्याची कागदपत्रं जोडून. रक्कम थोडी आहे, पण सोडू नका. आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही पोलिसांना लवकर बघायला लावा, फुटेज फार दिवस राहत नाही. गाडी सापडली तर पूर्ण दावा उभा राहतो.

आणि घरकाम करणाऱ्या बाईची कमाई शून्य, हे कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरातल्या कामाला पैशात मोल धरून भरपाई द्यायची, हे सुप्रीम कोर्टानं एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल निकालात तर सविस्तर. आईच्या जागी स्वयंपाकाला बाई ठेवली असेल तर तिला दिलेल्या पैशांची नोंद ठेवा.

उद्यमबाग_फौंड्री

कारखान्यात पाय मोडला तर हे लागू नाही, बरं का. आमच्याकडं एकाच्या पायावर मोल्डिंग बॉक्स पडला. ईएसआय (कामगार राज्य विमा) पगारातून कापत असतील तर ईएसआयकडं जायचं, पडून असल्याच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व राहिलं तर पेन्शनसारखं महिन्याला. ईएसआय नसेल तर मालकाकडून कामगार भरपाई; ती आधी १९२३ च्या कायद्यात होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आलीय. कामावर असताना गाडीनं उडवलं तर मोटार कायदा किंवा कामगार भरपाई, दोन्हीतला एकच मार्ग. आधी विचार करून निवडायचा. ठेकेदाराकडं असलेल्या पोरांनी तर ईएसआय नंबर आजच मागून घ्या.

खानापूरकर

सगळ्यांचे आभार. आज वकिलांकडं जाऊन आलो. अडीच लाखांना नाही कळवलं. कलम १६६ खालीच जायचं ठरलं. टिळकवाडीतल्या ज्या घरमालकाचं काम दाजी करत होते ते साक्षीला यायला तयार झालेत. मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं. ऑपरेशनवाले डॉक्टर शिडी-उकिडवं सगळं तपासून लिहून देतो म्हणालेत.

दोन शंका उरल्यात. रॉड पुढं काढायला लागणार आहे, त्याचे पैसे आत्ता मागायचे काय? आणि वकिलांची फी, मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांनी ठरवायची प्रथा आहे म्हणतात, ते बरोबर का?

जुना शिरस्तेदार

रॉडचे पैसे आत्ताच मागायचे. डॉक्टरांकडून ऑपरेशनच्या अंदाजी खर्चाचं पत्र घ्या आणि साक्षीत त्यांच्या तोंडून ते सांगून घ्या. या रकमेवर सहसा व्याज देत नाहीत. बाकीच्या रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, आपल्याकडं बहुधा सहा टक्के.

निकालावर ठरणारी टक्केवारीची फी बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. आधीच ठरावीक रक्कम बोला, पावती घ्या. ते जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाई, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, अपंग, कमी उत्पन्नाचा, यांना वकील मोफत मिळतो. भरपाईची रक्कम थेट जखमीच्या बँक खात्यात जमा करावी, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये सांगितलंय, तेव्हा दाजींच्या स्वतःच्या नावाचं खातं आणि पासबुकची प्रत अर्जासोबतच द्या.

मध्येच लोकअदालतीत तडजोडीची गोष्ट निघेल. गेलात तर बेरीज करून जा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत धारवाड खंडपीठात अपील करता येतं, फक्त वादातली रक्कम एक लाखाच्या वर हवी.

खानापूरकर

अंदाजपत्रकाचं पत्र सोमवारी आणतो. खातं ताईच्या नि दाजींच्या जोडनावावर आहे, दाजींचं वेगळं उघडायला सांगतो. साक्षीची तारीख लागली की इथंच कळवीन.